वेंडेल कोस्की यांच्या उजव्या पायाची कैफियत

श्री सरोवर समर्थ. मुक्काम डुलूथ, सुपीरियर सरोवराचे टोक, डिसेंबर मास, रविवार, आणि वारा ऐसा की नाक चेहऱ्यावर आहे की गळून पडले हे हात लावून पाहावे. त्या दिवशी डुलूथचे सेलर्स आणि एल पासोचे विंचू यांची जी तुंबळ जाहली ती बहुतांनी टीव्हीवर पाहिली, आणि मांडीवर चिप्सचा वाडगा घेऊन "हे तर मी पण मारलं असतं" ऐसे बोलिले. तमाम सोफेवाल्यांनी तोंडे मिटावी, वाडगा खाली ठेवावा आणि खरे काय जाहले ते ऐकावे, म्हणोन ही हकीकत.

या युद्धाची रीत ऐसी की दोन फौजा तीन तास एकमेकांची हाडे मोजतात, आणि एकेक वीर दीड-दीड बैलाएवढा, आणि सगळी मारामारी एका लांबट चेंडूसाठी; आणि मग इतके करून चेंडू पुढे सरकेना की कोच हुकूम फर्मावतात आणि बाकावरून एक किरकोळ इसम उठवतात, त्यास किकर म्हणत. त्याने धावत यावे, चेंडूस लाथ हाणावी, चेंडू दोन पिवळ्या खांबांमधून गेला तर तीन गुण. गेला तर फौज जिंकली. नाही गेला तर किकर हरला. हा इन्साफ कोणी लिहिला त्यास एकदा बर्फात उभा करावा.

तर राजश्री वेंडेल कोस्की हे ऐसे किकर. अंगकाठी बेताची, कान मोठे, आणि हेल्मेट काढले की दरवानास वाटे कोणी पिझ्झा घेऊन आला. एकदा तर "मागच्या दाराने जा" म्हणालाच. कोस्की यांनी प्रथम ओमाहा सरकारची चाकरी धरिली, आणि एक नेम चुकला आणि बरतर्फ जाहले. मग सॅक्रामेंटो, तेथे नेम एकही चुकला नाही, परंतु कोच बदलले आणि नव्या कोचने आपल्या पसंतीचा किकर सोबत आणिला, सबब बरतर्फ. मग नॉरफोक, तेथे तर जेवणाच्या रांगेतच बरतर्फ, ताटात मॅकरोनी वाढलेली तशीच. दर वेळी स्वारी सामान गाडीत भरून आपल्या जन्मगावी डुलूथेस येई आणि मातोश्री लोर्नाबाईंच्या तळघरात डेरा टाकी. मातोश्री दार उघडत आणि इतकेच बोलत, "आलास? बूट बाहेर काढ."

मग डुलूथ सरकारनेच बोलावणे धाडिले, आणि कोस्की हर्षले, आणि आठ दिवस हर्षात गेले, आणि मग एकदा दात घासताना ध्यानी आले की आजवर कोणी हाकलले तर परत यायला डुलूथ होते. डुलूथनेच हाकलले तर परत कोठे जावे? तेव्हापासून जी धास्ती बसली ती बसलीच.

आणि नोव्हेंबरात धास्तीने पाय धरिला. लागोपाठ तीन लढायांत तीन नेम गेले, आणि तिन्ही उजवीकडून. सप्टेंबरात सुपीरियर रस्त्यावरील मार्लीसबाईंच्या दुकानी बटाटा-मांस भरलेल्या पास्टीस 'कोस्की पास्टी' ऐसा किताब होता. तो पाटीवरून पुसला गेला. कोस्की तरी गेले, कारण भूक लागते. बाईंनी भर रांगेत विचारले,

"काय रे, पास्टी पिशवीत टाकू, की पिशवीच्या उजवीकडे?"

रांग खदखदली. कोस्कींचे कान लाल जाहले आणि ते म्हणाले, "पिशवीत टाका. आणि सॉस द्या."

"सॉस मिळतो जिंकणाऱ्यांना," बाई बोलल्या, आणि तरी दोन पुड्या टाकल्या. डुलूथची माया ही ऐसी, आधी कानाखाली आणि मग हातावर.

फौजेत मात्र मायाही नव्हती आणि टोमणाही नव्हता. फौजेचा जुना दंडक ऐसा की लढाईच्या दिवशी किकरशी कोणी बोलू नये. बोलले की त्याचा पाय बिथरतो. परंतु तीन नेम चुकल्यावर दंडक वाढत वाढत सगळ्या आठवड्यास पुरला. कोस्की भोजनास बसले की बाजूचा वीर ताट उचलून उठे, जणू नेम चुकणे हा खोकला आहे आणि तो लागतो. बोले तो एकच, ट्रेमेन बुशे, जो खाली गुडघा टेकून चेंडू उभा धरी आणि कोस्की तो हाणीत. त्याचेही बोलणे मुख्यत्वे भुवयांनी.

आणि याहून भयंकर म्हणजे तुर्क. फौजेतून ज्यास काढावयाचे त्यास निरोप देणाऱ्या कारभाऱ्यास सगळ्या लीगमध्ये तुर्क म्हणत. डुलूथचा तुर्क म्हणजे डेनिस नामे एक सभ्य गृहस्थ, निळा कोट, मऊ बूट, आवाज दवाखान्यातल्यासारखा. त्याने सोमवारी सकाळी यावे, खांद्यास हात लावावा आणि म्हणावे, "कोच बोलावतायत. टॅबलेट घेऊन ये." टॅबलेटमध्ये फौजेच्या सगळ्या चाली, तो मागितला की समजावे, आटोपले. कोस्कींनी हे वाक्य तीन सरकारांत तीन तुर्कांच्या तोंडून ऐकिले होते. शनिवारी खबर आली की ॲरिझोनाहून टॅनर नामे एक नवा किकर, दात शुभ्र, कातडी तांबूस, विमानाने येऊन हॉटेलात उतरला, आणि सोमवारी सकाळी त्याची परीक्षा मुक्रर. कोस्कींनी मातोश्रींस फोन लाविला.

"आई, तळघर रिकामं आहे का गं?"

"नाही. तिथे मी शिवणयंत्र ठेवलंय. तू नेम धर."

येणेप्रमाणे मागचे दोर मातोश्रींनी स्वहस्ते कापिले.

रविवारी फौजा भिडल्या. बर्फ सकाळपासून पडत होता आणि दुपारी तर पडायचा थांबून आडवा येऊ लागला. मैदानावरील पांढऱ्या रेघा पांढऱ्यात गेल्या, आणि वीर घसरून आपल्याच वीरांवर पडू लागले, आणि सज्ज्यांत रयत सॉसेज खात गनिमाच्या सात पिढ्यांचे स्मरण करीत होती. टॅनर तीन घोंगड्यांत गुंडाळून बाकाच्या मागे बसविला होता. दातच तेवढे दिसत, तेही वाजताना.

शेवटचे क्षण उरले आणि विंचू दोन गुणांनी पुढे, आणि डुलूथचा चेंडू अडकला, खांबांपासून अडतीस यार्डांवर. कोच हार्लन स्टूबे यांनी पडद्यावरील गुणांकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले, कोस्कींकडे पाहिले नाही, आणि हुकूम केला की किकरने रवाना व्हावे. कोस्की उठले. बाकावरील वीर ऐसे दुभंगले की जणू प्रेत चालले आहे.

बर्फ घोट्याएवढा. ट्रेमेनने चेंडू टेकवायला तळहाताएवढी जागा पुसली आणि भुवई उडवली. कोस्की मागे सरले, आणि उजव्या पायाचा विचार करू लागले, आणि सगळे गावही उजव्या पायाचाच विचार करीत होते. येथेच सगळ्यांचे चुकते. हाणतो उजवा पाय, परंतु त्याआधी सगळा देह पेलतो डावा, चेंडूच्या बाजूस रोवलेला. आणि त्या डाव्या पायाखाली या क्षणी सरोवराचा सगळा बर्फ.

तिकडे गनिमाचे कोच रस्टी डुप्री यांनी मसलत केली. हे साहेब जन्मभर छपराखाली लढलेले. एल पासोच्या मैदानात हवामान म्हणजे एसीचे बटण. त्यांस ठाऊक असलेला डाव ऐसा की किकर हाणणार इतक्यात 'थांबा' म्हणावे, मिनिटभर त्यास उभा ठेवावा, म्हणजे तो विचार करकरून गोठतो. डुलूथच्या माणसास गोठवायला जाणे म्हणजे माशास बुडवायला जाणे. परंतु साहेबांनी शेवटचा राखीव विराम मागितला, अगदी ऐन वेळी, आणि शिट्टी वाजली, आणि वाऱ्याने शिट्टी खाल्ली.

ती कोणास ऐकू गेली नाही. चेंडू मागे आला, ट्रेमेनने धरिला, कोस्की धावले, डावा पाय रोविला आणि तो घसरला सरळ एल पासोकडे. लाथ बसली ती अर्धी, आणि चेंडू सुटला तो आपल्याच फौजेतील महावीर सिओने, वजन दीडशे किलो, यांच्या पार्श्वभागी धाडकन बसला.

डुलूथवर अवकळा आली. बिअरचे पेले उडाले. विंचू एकमेकांच्या गळ्यात पडले. कोस्की उताणे, तोंडात बर्फ, आणि डोळ्यांपुढे निळा कोट.

इतक्यात पंचांनी दोन्ही हात हालवून जाहीर केले की विराम आधीच मागितला होता, सबब ही लाथ झालीच नाही.

झालीच नाही! गनिमाने स्वहस्ते डुलूथचा पराजय पुसिला. परंतु डुप्री साहेबांची खरी चूक ही नव्हे. खरी चूक डुलूथच्या शाळेतील कोणतेही पोर सांगेल, की बर्फात शत्रूस वेळ देऊ नये, कारण बर्फात वेळ म्हणजे फावडे.

कायदा ऐसा की मैदानात झाडू, फावडे, टॉवेल काही आणू नये. हात आणि पाय जन्मापासून सोबत असल्याने त्यांस मुभा. तो सिओने वळला, हाताने मागची बाजू चोळीत आला, आणि धपकन गुडघ्यांवर बसला, आणि मग जन्मात कोणी मोडिला नव्हता तो दंडक त्याने मोडिला.

"ए कोस्की! माझ्या ढुंगणाचे तीन गुण मिळत नाहीत रे!"

कोस्की हबकले. ट्रेमेन सोडून तीन आठवड्यांत फौजेतून आलेला हा पहिला शब्द.

"बघतोस काय? डावा पाय कुठे रोवतोस ते दाखव. लवकर, बोटं गळायला लागली माझी!"

"इथे," कोस्की बोलले. वाऱ्याने शब्द नेला, म्हणोन पुन्हा बोलले, "इथे. आणि जरा मागे, इथून येतो मी."

"नीट सांग. इथे की इथे?"

"टाचेची जागा ही. नाही, ती तुझी टाच, माझी लहान आहे."

"ते दिसतंय सगळ्यांना," ट्रेमेन बोलला, भुवया न हालविता.

मग अकराचे अकरा खाली बसले, आणि उघड्या दंडांनी, कोपरांनी, बुटांनी बर्फ उपसू लागले, आणि ते सगळे एकाच वेळी बोलू लागले, जणू तीन आठवड्यांचे तुंबलेले फुटले. एक म्हणे कोस्की तुझे कान झाक, वारा अडतोय. दुसरा म्हणे परवा ताट उचलून गेलो ते सूप सांडलं होतं रे, तुझ्यामुळे नाही. हे खोटे होते आणि कोस्कींस ते गोड लागले. पांढऱ्यातून हिरवा तुकडा निघाला, पायपुसण्याएवढा. पलीकडे डुप्री साहेब आपल्या हातच्या विरामाकडे पाहत उभे, आणि दुसरा मागता येईना.

शिट्टी वाजली. ही सगळ्यांनी ऐकली.

चेंडू आला, ट्रेमेनने टेकविला, कोस्की धावले, डावा पाय हिरव्यात रोविला आणि तो खिळ्यासारखा राहिला, आणि मग उजव्याने आपले काम केले. चेंडू उठला. सुरेख उठला ऐसे लिहिणे खोटे होईल. तो जखमी बदकासारखा डगमगत गेला, आणि वाऱ्याने त्यास उजवीकडे ढकलले, आणि सगळे डुलूथ डावीकडे झुकले, आणि तो उजव्या खांबास लागला. टण्ण! आणि खाली खांबांमधल्या आडव्या दांडीवर पडला, आणि तेथे क्षणभर विचार केला, आणि आत पडला.

खांबांखालच्या दोन पंचांनी एकमेकांकडे पाहिले आणि हात वर केले. मग जे जाहले ते लिहावयास शाई गोठली. सिओने कोस्कींच्या अंगावर पडला, हीच त्या दिवशी डुलूथची सर्वांत मोठी इजा.

सोमवारी सकाळी कोस्की बरगडी धरून छावणीत गेले, आणि आपल्या कपाटापाशी बसले, आणि पाहतात तो निळा कोट मऊ बुटांनी येत आहे. एक कपाट ओलांडले, दुसरे ओलांडले, आणि खांद्यास हात लागला. जिंकल्यावर सुद्धा? कोस्कींचा हात आपोआप टॅबलेटकडे गेला.

"कोस्की," तुर्क दवाखान्याच्या आवाजात बोलला, "ती लाल गाडी तुझीच ना? काढ जरा. माझी मागे अडकलीय, आणि टॅनरला विमानतळावर सोडायचंय."

कोस्की चावी घेऊन ऐसे पळाले की बरगडी छावणीतच राहिली. तिकडे मार्लीसबाईंच्या पाटीवर नवा किताब चढत होता, 'खांबाला लागून पास्टी', सॉससहित.

येणेप्रमाणे सरोवरकाठची मोहीम फत्ते जाहली, आणि एल पासोचे विंचू आपल्या छपराखाली परतले, आणि वेंडेल कोस्की यांची बाकावरील टोकाची जागा येत्या रविवारपर्यंत कायम जाहली. त्या दिवशी पुन्हा त्यांच्याशी कोणी बोलणार नाही. दंडक म्हणजे दंडक. तळघरात शिवणयंत्र चालू आहे. मोर्तब.