मगरे सरांची दुसरी चिठ्ठी

मगरे सरांना "उद्या भेटू" म्हणायची सोय नाही. लगेच विचारतात, "न्हाई भेटलो तर?" बरं, मस्करीत नाही. माणूस खरोखर उत्तराची वाट बघत उभा राहतो आणि आपल्याला सांगावं लागतं, की मग फोन करा हो सर.

आमची शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. जालन्याहून गाडीनं बदनापूर, तिथून रिक्षानं गाव. गेली सहा वर्षं आमचं येणं-जाणं सोबतच. सरांच्या पिशवीत दोन छत्र्या, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जादा चप्पल असते. एकच, डाव्या पायाची. तिचाच अंगठा तुटतो म्हणे! माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन या गृहस्थांनी पहिलं काय विचारावं? "लाईट गेली तर?" मी मनातल्या मनात हात जोडले. ऐन अक्षतांच्या वेळी लाईट गेलीच, आणि सरांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलेला जनरेटरवाला मांडवामागून हजर झाला. मला इतका राग आला, की आभार मानायला आठवडा लागला.

तर असा हा माणूस लहान लेकरांना प्रोग्रामिंग शिकवतो. शाळेत कॉम्प्युटर एकच, तोही लाईट असली तर. सरांचं त्यावाचून काही अडत नाही. पटांगणात चुन्यानं चौकटी आखायच्या. एका पोरीनं डोळे बांधून यंत्र व्हायचं. बाकीच्यांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर हुकूम लिहायचे. दोन पावलं पुढं. उजवीकडं वळ. थांब. एकीनं वाचायचं, यंत्रानं तेवढंच करायचं. हुकूम चुकला तर यंत्र भिंतीवर धडकणार, म्हणून सर भिंतीपुढं उशी घेऊन उभे! आणि प्रत्येक हुकमामागं दुसरी चिठ्ठी पाहिजेच: न्हाई झालं तर काय?

"मॅडम, यंत्राला काळजी करता येत न्हाई," सर मला समजावतात. "ती आपणच आधी करून ठेवायची असती."

घोळ झाला तो दुधावरून. तिसरीतल्या सानिकाला तिच्या आईनं गॅसपाशी उभं केलं आणि सांगितलं, "दूध उतू गेलं की सांग." दूध उतू गेलं. सानिकानं सांगितलं. आई तरातरा शाळेत.

"सर, पोरगी पार येडी करून ठेवली तुम्ही! अभ्यास सोडून लेकरायला पटांगणात नाचवून राह्यले!"

आता तरी सरांनी गप्प बसावं की नाही? "ताई, चूक लेकराची न्हाई, हुकमाची हाय. उतू जायच्या आधी सांग, असं पाहिजे होतं."

मी कपाळाला हात लावला. तक्रार बराबर वर गेली. विस्तार अधिकारी गुरुवारी येणार, सरांचा तास बघणार आणि तो ठेवायचा की बंद करायचा ते जागच्या जागी सांगणार, असा निरोप आला.

त्या आठवड्यात सरांनी माझा जीव खाल्ला. डबा उघडायचे, तसाच मिटायचे. "मॅडम, पोरगी पडली तर? साहेब हसले तर? तास बंदच झाला तर?" खरं सांगते, ऐकून ऐकून मीसुद्धा घरी "नाही झालं तर?" विचारायला लागले. बुधवारी परतताना रिक्षात मी भडकलेच.

"पुरे हो सर! कधीतरी एखादी गोष्ट नीट होईल, असं म्हणून बघा की!"

सर बाहेर कापसाच्या रानाकडं बघत म्हणाले, "म्हणलो होतो ना. मंडळीला दवाखान्यात नेलं, तव्हा सगळेच म्हणले, चार दिवसांत घरी येईल. मी पण म्हणलो. न्हाई आली तर काय, ते कुणीच मला लिहून दिलं न्हाई. आठ वर्षं झाले. रोज कुलूप उघडतो, आत जातो, अन् मंग पुढं काय करायचं तेच कळत न्हाई."

सर एकटे राहतात एवढंच मला माहीत होतं. त्यांच्या बायकोबद्दल सहा वर्षांत मी कधी विचारलंही नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

गुरुवारी साहेब लिंबाखाली खुर्चीत बसले. सानिकाची आई फाटकाशी हाताची घडी घालून उभी. यंत्र सानिकाच! चौकटींवरून माठापर्यंत जायचं, पेला भरायचा आणि साहेबांना नेऊन द्यायचा. हुकूम वाचायला चौथीतली रुक्मिणी. सरांना मध्ये बोलायची बिलकुल परवानगी नव्हती, त्यांचाच नियम. कडेला उभं राहून ते ओठ हलवत होते. हातातल्या खडूचे तीन तुकडे झालेले मी पाहिले.

पेला भरला. सानिका वळली. एक पाऊल, दोन पावलं, आणि तिचा पाय जरासा अडखळला. पाणी हिंदकळलं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

रुक्मिणीनं एकदा सरांकडं बघितलं आणि गठ्ठ्यातली सगळ्यात खालची चिठ्ठी वर काढली.

"सर घाबरले तर, साहेब नंतर. तीन पावलं डावीकडं. सरांचा हात धर."

सानिका तीन पावलं चालली. पेला एका हातात सावरत दुसऱ्या हातानं चाचपडली आणि तिनं सरांची बोटं घट्ट धरली.

"हे तुम्ही बसवलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब," सर म्हणाले. "ही चिठ्ठी माझी न्हाई."

"आमची हाय," रुक्मिणी म्हणाली. "सरच म्हणतात, दुसरी चिठ्ठी पाहिजेच. सरांसाठी कुणी लिहिलीच नव्हती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तास चालू ठेवा," ते म्हणाले. "पण माझं पाणी?"

"थांबा ना साहेब, अजून एक ओळ राहिलीय." रुक्मिणीनं चिठ्ठी उलटली. "सर हसेपर्यंत हात सोडू नको."

हुकूम म्हणजे हुकूम. साहेब तहानलेले बसून राहिले. फाटकाशी सानिकाची आई पदरानं डोळे टिपत होती. सरांना काही केल्या हसू येईना, आणि सानिका काही हात सोडेना.