मिनलताईंची धूळ

माझी नोकरी धूळ पुसायची. आणि मिनलताई वानखेडे आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर तीच धूळ जपतात. पहिल्या दिवशी मी फडकं घेऊन वर गेलो, तर या दोन्ही हात आडवे करून उभ्या. "काका, हात लावू नका, इथे माझा डेटा आहे." मला वाटलं काहीतरी पाळलंय. मी खाली वाकून "यू, यू" केलं. काही आलं नाही.

आमची युनिव्हर्सिटी म्हणजे दिल्लीत, भर शहरात, सात मजली काचेची इमारत. मी गाझियाबादहून रोज मेट्रोनं येतो आणि काचा पुसतो. तिसरीतून पळालेला माणूस मी. आमची मंडळी म्हणते, शाळेतून पळालात ते थेट युनिव्हर्सिटीतच येऊन थांबलात.

ताई यवतमाळकडच्या, वणीच्या. पीएचडी करतात. गच्चीवर काचेच्या उघड्या बशा मांडलेल्या, आत चिकट लेप. हवेतली धूळ त्यात बसते. आठवड्यानं बशा खाली न्यायच्या, मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आणि एकेक कण कुठून आला ते शोधायचं. हा टायरचा, हा सिमेंटचा, हा पार राजस्थानातून आलेला. आमच्या गावात म्हाताऱ्या पोराचं नाक बघून बाप सांगायच्या, तसं.

बशांजवळ ताई श्वास रोखून चालतात. शिंक आली तर जिन्यात पळतात. चहावर फुंकर मारायची तरी तोंड भिंतीकडे. मला गच्चीच्या दारात चपला काढायला लावतात. मी आमच्या देवघरातसुद्धा एवढा जपून जात नाही.

पण मी खरा गार झालो तो त्यांच्या एका वाक्यानं. काहीही विचारा, म्हणतात, "माहीत नाही अजून." मी आयुष्यभर "माहीत नाही" म्हणून छड्या खाल्ल्या. या एवढं शिकून तेच म्हणतात, आणि वर खूष दिसतात. मी एकदा विचारलंच, धुळीचं हे वेड लागलं कुठून? तर म्हणाल्या, वणीत घरासमोरून कोळशाचे ट्रक जातात. आई दिवसातून तीनदा ओटा पुसते. लहानपणी आईला विचारलं, एवढी धूळ येते कुठून? आई म्हणाली, "माहीत नाही बाई." तेव्हापासून या शोधतायत.

सगळ्यात मोलाची बशी दिवाळीची. फटाक्यांची धूळ वर्षातून एकदाच मिळते. तीन दिवाळ्यांच्या बशा हव्या होत्या, म्हणून ताई तीन दिवाळ्या घरी गेल्या नाहीत. ही तिसरी. ती झाली की थिसिस, आणि पुढची दिवाळी वणीला, असं आईला कबूल केलेलं.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी माझी ड्युटी होती. कॅम्पस रिकामा. मला वाटलं, पोरगी एकटी गच्चीवर बसणार, तिच्या बशांपुढे रांगोळी तरी असावी. घरातून गुलाबी रंग नेला. मोर काढायला घेतला, झाला कोंबडा. त्यात वारा. ताई यायच्या आत लाजेनं मी झाडू घेतला आणि सगळं जोरात झाडून टाकलं. त्या आल्या, मी शंकरपाळे दिले. त्या खूष, मी खूष.

आठवड्यानं ताई धावत आल्या. "काका, गुलाबी सापडलंय! दिल्लीच्या धुळीत असं कधी दिसलंच नाही. कुठून आलं, माहीत नाही अजून." दोन दिवस त्यांना जेवणाची शुद्ध नव्हती. कुठला फटाका, कुठला कारखाना, नकाशे काढून बसल्या. मीही भारावलो. घरी सांगितलं, आमच्या ताईंना नवीन शोध लागला, गुलाबी धूळ.

मंडळी पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "माझी गुलाबी रांगोळी नेली होतीत, तिचा डबा कुठाय?"

घास तोंडातच राहिला. रात्रभर माकडांवर ढकलायचा विचार केला. पण दिल्लीची माकडं काहीही करोत, रांगोळी काढत नाहीत. सकाळी डबा ताईंपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. नोकरी गेली असं धरूनच चाललो होतो.

ताईंनी डब्यातली चिमूट घेतली, मायक्रोस्कोपखाली ठेवली, बशीशी ताडून पाहिली. माझ्या कबुलीलाही पुरावा लागला. मग खुर्चीला टेकल्या. "तीच आहे," एवढंच म्हणाल्या.

त्यांचे गाईड सर भले माणूस. म्हणाले, अरे, गुलाबी सोडून बाकी मोज, जरा अॅडजस्ट कर लो, कौन देखता है. मी दारात उभा राहून मनात "हो म्हणा, हो म्हणा" करत होतो. ताई म्हणाल्या, "सर, झाडूनं खालची धूळही उडाली असेल. कितनी, पता नहीं. तो पता नहीं ही लिखूँगी." आणि रजिस्टरात त्या दिवाळीचा चौकोन कोरा सोडला. मला वाचता येत नाही, पण तो चौकोन मला वाचता आला. माझं नाव त्यांनी कुठंच घातलं नाही.

म्हणजे आणखी एक दिवाळी दिल्लीत. ताईंनी आईला फोन केला तेव्हा मी जिना पुसत होतो. बराच वेळ नुसतं "हो आई, हो आई" चाललं होतं.

त्या दुपारी चहा घेऊन गेलो, तर ताई मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या. खाली तीच बाद झालेली बशी. मी म्हटलं, "ताई, ही फेकली नाही अजून?"

"या, बघा."

मी पहिल्यांदाच त्या नळीत बघितलं. माझी चिमूटभर रांगोळी डोंगराएवढी झाली होती. गुलाबी दगड, काचेसारखे चमकणारे, आणि भोवती सगळी काळी दिल्ली.

"काय काढलं होतं, काका?"

"मोर. झाला कोंबडा."

त्या हसल्या. मग पुन्हा नळीला डोळा लावून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या दारातली आईची रांगोळी दुपारपर्यंत काळी पडते. ही बघा, अजून गुलाबी आहे."