गिरिजाबाईंनी माजिदाबीस पाण्यात उतरविल्याची हकीकत

श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न. सकाळच्या पाण्यास येणाऱ्या समस्त बायांचे मंडळ, मुक्काम सोलापूर, यांचे सेवेशी. आपण फर्माविले की, जलतरणात कोणास हार न गेलेल्या गिरिजाबाईसाहेब यांची अखेरची मोहीम कैसी जाहली ती मुळापासून लिहून द्यावी, पदरचे घालू नये आणि पाहिलेले गाळू नये. आज्ञेप्रमाणे लिहिले आहे. पोहणे उरकल्यावर केस वाळेपर्यंत वाचून होते.

बाईसाहेबांचा जन्म अक्कलकोटाकडील एका खेड्यात. तीर्थरूप गुरुबसप्पा यांनी कन्येस सहावे वर्षी पाठीस वाळका भोपळा बांधून मळ्याच्या विहिरीत लोटिले, आणि चौथे दिवशी भोपळा सुटून एकीकडे गेला व कन्या दुसरीकडे गेली, आणि दोघेही तरंगले. मग काठावरील बायांनी हरकत घेतली की पोरीस हे कशास शिकविता. तेव्हा गुरुबसप्पांनी कानडीत एक वाक्य उच्चारिले, ते दफ्तरी नमूद नाही, परंतु बाया घरी गेल्या.

मग बाईसाहेब शिक्षणास सोलापुरी आल्या आणि चौदावे वर्षी शहरच्या तलावावर जिल्ह्याचे सुवर्णपदक घेतले. पुढे लग्न जाहले, दोन बाळंतपणे जाहली, दुष्काळात तलाव कोरडा पडला, तितकी वर्षे वगळता जेव्हा जेव्हा शर्यत भरली तेव्हा तेव्हा पदक घेतले, आणि वय वाढले तैसे वयाचे गट बदलले, परंतु पदकाचा रंग बदलला नाही. येणेप्रमाणे एकोणचाळीस सुवर्णपदके जाहली आणि तलावाच्या फळ्यावर तेलरंगात ‘अपराजित’ हा किताब चढला. त्या काळी दुपारी बारा ते एक हा अंमल बायांचा असे. रखवालदार पाठ करून बसे, पाण्यास औषधाचा वास येई, आणि पोहून आल्यावर कडक भाकरी व शेंगाचटणी जैसी लागे तैसी पुन्हा कोठेही लागली नाही. हे विषयांतर जाहले, क्षमा असावी.

या काळात दुसरे स्थान बहुतकरून एकाच व्यक्तीकडे राहिले. त्या माजिदाबी, उर्दू शाळेच्या मास्तरीण, बाईसाहेबांहून एका वर्षाने लहान. त्यांची रौप्यपदके एकतीस. बारा वर्षांमागे त्यांनी शर्यतींस येणे सोडिले. कारण विचारता उत्तर आले, “दुसरा नंबर घ्यायला भिजायचं कशाला? घरीच आणून द्या की.”

पुढे यंदाचे सालीं ऐसे वर्तमान आले की, स्पर्धा होताच तलाव दुरुस्तीस्तव दोन वर्षे बंद राहणार. सोलापुरात दोन वर्षे म्हणजे किती, हे सर्वांस ठाऊक. बाईसाहेबांस सत्त्याहत्तरावे चालू, तेव्हा चाळिसावे पदक यंदाच घेणे अगर कधीच नाही. मग त्यांनी पंच्याहत्तर वर्षांवरील महिलांच्या गटात नाव दाखल केले आणि स्पर्धेच्या कारभारीण सोनाली यांनी कळविले की, गटात नाव एकच, आणि नियम ऐसा की दोन नावे नसल्यास शर्यत नाही.

“आज्जी, आपण तुमचा सत्कार ठेवू,” सोनाली म्हणाल्या. “शाल, श्रीफळ, सगळं.”

“शाल गुंडाळून पवू का मी?” ऐसा सवाल बाईसाहेबांनी केला आणि सत्काराची मसलत तेथेच मोडली.

मग प्रतिपक्ष शोधण्याची मोहीम सुरू जाहली. जिल्ह्यात पंच्याहत्तर वर्षांच्या बाया बहुत, परंतु बाईसाहेबांखेरीज पोहणारी एकच, ती माजिदाबी. बाईसाहेबांनी दोन दिवस चर्चा टाळली आणि तिसरे दिवशी सूनबाई धनलक्ष्मी यांस संगे घेऊन, शेंगाचटणीचा पुडा नजराणा म्हणून हाती धरून, रिक्षाने माजिदाबींच्या दारी खासा स्वारी गेली.

“आलीस? वाट चुकलीस का?” माजिदाबींनी विचारिले आणि चहा सांगितला.

“तू पाण्यात उतर,” बाईसाहेब म्हणाल्या. “नुसतं उतर. जिंकायचं काम न्हाय.”

“ते काम तू मला कदी करू दिलंस?”

मग चहा होऊन तहाची बोलणी लागली. माजिदाबींनी कलमे दोन घातली. पहिले ऐसे की, आपण डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारा पोशाख करून पोहणार, त्यास कोणी तोंड वाकडे करू नये. हे तत्काळ मंजूर जाहले. दुसरे ऐसे की, चौऱ्याहत्तर सालची गोष्ट गिरिजाबाईंनी समस्त तलावासमोर बोलून दाखवावी.

ती गोष्ट ऐसी. त्या सालीं पंच म्हणून खेड्यातील एक वजनदार गृहस्थ आणिले होते. त्यांस शर्यती ठाऊक त्या विहिरीच्या. आणि विहिरीत ज्याचे डोके पायरीशी आधी वर निघते तो जिंकतो. त्यांनी तलावावरही डोकी पाहिली. माजिदाबींचा हात पाण्याखालून भिंतीस आधी लागला होता, परंतु डोके गिरिजाबाईंचे आधी निघाले, आणि पंचांनी गिरिजाबाईंस सुवर्ण दिले. हे दोघींसच ठाऊक. एकीचा हात लागला होता, आणि दुसरीने पाण्यात उघड्या डोळ्यांनी तो पाहिला होता.

ऐसा पेच पडला. बोलावे तर किताब जातो, न बोलावे तर शर्यत जाते. बाईसाहेब ते रोजी जेवल्या नाहीत. धनलक्ष्मी यांनी हलकेच सुचविले, “अत्ती, सोडा की. फळ्यावर नाव हाय, ते तरी ऱ्हाईल.”

“फळ्यावर पवता येतं व्हय ग?” ऐसे सासूबाईंनी विचारिले आणि भाकरी मागितली. येणेकरून तह मंजूर जाहला ऐसे सर्वांनी जाणिले. मग माजिदाबींचे नाव दाखल करून सोनाली यांनी शर्यत कायम केली.

स्पर्धेचे रोजी सकाळी बाईसाहेब माईकपाशी उभ्या राहिल्या. मंडपात गर्दी दाट. बाईसाहेबांनी आजवर उभ्या जन्मात भाषण केले नव्हते. त्या म्हणाल्या, “चौऱ्याहत्तर सालची शर्यत माजिदानं जिंकली. हात आधी तिचा लागला. म्या बघितलं हुतं आणि गप बसले.”

पृथ्वी दुभंगली नाही. लहान गटातील मुले केळी खात होती. माजिदाबी पहिल्या रांगेतून म्हणाल्या, “माईक बंद हाय. परत बोल.”

मग सोनाली धावल्या आणि कळ दाबून माईक चालू केला, आणि पन्नास वर्षे जे एकदाही बोलवले नाही ते बाईसाहेबांस दुसऱ्यांदा बोलावे लागले, आणि या वेळी ते रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू गेले. मग एक वृद्ध गृहस्थ उठून टाळ्या वाजवू लागले, आणि त्यांस पाहून लोकांनीही वाजविल्या. माजिदाबींनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसला, आणि म्हणाल्या, “चल आता. पाणी गार होतंय.” पाणी मुळातच गार होते.

मग दोघींनी पोशाख बदलिला आणि शिट्टी होताच पाण्यात पडल्या. अंतर पन्नास मीटर. निम्म्या वाटेपर्यंत गिरिजाबाईसाहेब हातभर पुढे होत्या आणि मंडळाच्या बाया निर्धास्त होत्या. मग माजिदाबींनी हात लांबविले. गेली बारा वर्षे त्या भाच्याच्या मळ्यातील विहिरीत रोज सकाळी पोहत होत्या, ही बातमी आमच्या पक्षाच्या कोणाही जासुदाने आणिली नव्हती. बाईसाहेबांनी जीव तोडून पाणी मारिले, सारे बळ खर्ची घातले, काही राखून ठेविले नाही, हे साक्षीने लिहितो. माजिदाबी दोन मिनिटे चार सेकंदांत भिंतीस लागल्या. बाईसाहेब सात सेकंदांनी लागल्या. या खेपेस हात आणि डोके दोन्ही माजिदाबींचेच आधी होते.

“विहिरीत जात हुतीस?” बाईसाहेबांनी धापा टाकीत विचारिले.

“तू कदी विचारलंस?”

मग पदकांचा दरबार भरला. मध्ये एक आकड्याची पेटी उंच, बाजूस दोन आकड्याची बुटकी. बाईसाहेबांचे पाय सवयीने उंच पेटीकडे वळले, मग थांबले, आणि त्या बुटक्या पेटीवर एका पावलात चढल्या आणि चकित होऊन म्हणाल्या, “हितं चढायला लई सोपं हाय की! इतकी वर्सं सांगितलं न्हाईस मला.”

माजिदाबी उंच पेटीपुढे गुडघा धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बोलू नको. हात दे.”

बाईसाहेबांनी हात दिला, सोनाली यांनी मागून कंबर धरिली, आणि तिघींचे प्रयत्नें माजिदाबी सिंहासनारूढ जाहल्या. येणेप्रमाणे विजय माजिदाबी यांचे नावे रुजू केला असे, आणि गिरिजाबाईसाहेबांनी तो वाचून मान्य केला असे. पुढे दोघी एकमेकींस धरून पेट्यांवरून खाली उतरल्या. त्यास शर्यतीहून अधिक वेळ लागला, परंतु तो कोणी मोजला नाही.