काकणगडीं चिंचोक्यांची कुमक पावली त्याची हकीकत

श्री. डाव ज्याचे हातीं त्यास एक दंडवत, आणि हुकूम ज्याचे हातीं त्यास दोन. शके सोळाशें छपन्न, आनंदनाम संवत्सरीं आमचे दौलतीस पानांचें वेड लागलें, त्याचें वर्तमान ऐसें जे, महाराजांस पानांचा खेळ बहुत प्रिय जाहला. पानावर हत्ती, घोडा, तोफ, सरदार ऐशीं चित्रें आणि खालीं त्याचा पराक्रम लिहिलेला. रयतेनें पानें जमवावीं, अदलाबदल करावी आणि दरबारीं येऊन पट मांडावा. मग भांडणें लागलीं. कोणी घरींच हत्ती रंगवून आणी, कोणी खालचा मजकूर खरवडून घोड्यास तोफेचें बळ देई, आणि पागोटीं उडूं लागलीं. तेव्हां महाराजांनीं अनंतभट पोफळे शास्त्री यांस आज्ञा केली कीं, पान कशास म्हणावें तें एकदां ठरवून टाका.

शास्त्रीबोवांनीं अवघा पावसाळा खर्चीं घालून तीन कलमें सिद्ध केलीं. पहिलें, ज्याचे पाठीवर सरकारी शिक्का तेंच पान, बाकी सारी रद्दी. दुसरें, पानावर काय दिसतें तें पाहूं नये. दफ्तरीं जो शेवटचा मजकूर लिहिला तोच पानाचा अर्थ, डोळ्यांस दिसेल तो भ्रम. तिसरें, पान हाताशीं नसेल तर त्याचे जागीं चिंचोका ठेवावा. चिंचोका पान नव्हे, परंतु पटावर आहे तोंवर त्यास पानाचें सारें बळ. दरबारानें वाहवा केली. त्याच दिवशीं महाराजांचे हातीं बकरीचें पान आलें आणि दफ्तरीं पाहतां तो वाघ निघाला. शाई ओलीच होती. महाराजांनीं डाव जिंकिला आणि शास्त्रीबोवांस शालजोडी दिधली.

पुढें खेळाचीं कलमें राज्यकारभारांत शिरलीं. आम्हांस तें तेव्हांच खटकलें, परंतु बखर लिहिणारास विचारतो कोण! काकणगडाचे किल्लेदार रायाजी कोंडाळकर यांनीं विनंती केली कीं, शेजारचे दौलतीचे सेनापति जगदळे चालून येतात, गडावर माणूस थोडें आणि दाणा त्याहून थोडा, कुमक पाठवावी. दरबारानें सत्वर थैली पाठविली. उघडून पाहतात तों आंत चिंचोके! सोबत आज्ञा कीं, पांचशें स्वार आणि सात हत्ती पाठविले, दफ्तरीं तैसा मजकूर लिहिला, गड झुंजवावा. किल्लेदाराची बाईल म्हाकूबाई थैलींत हात घालून म्हणाली, "धनी, हत्ती भाजू का शिजवू? पोरं उपाशी हायती." मग जगदळ्यांनीं वेढा आवळिला, आणि गडावर झाडपाला खाण्याची वेळ आली, आणि रायाजींनीं जगदळ्यांकडून लेकराबाळांच्या जिवाचा कौल घेऊन दरवाजा उघडिला, आणि आपण होऊन दरबारीं हजर जाहले.

महाराज कोपले. म्हणाले, "गड दिधला! याची गर्दन मारा!" रायाजी मुजरा करून म्हणाले, "मारावी महाराज, पर आधी दफ्तर वाचावं. काकणगडावर काय लिवलंय?" शास्त्रीबोवांनीं वाचिलें, "पांचशें स्वार, सात हत्ती, निशाण आपलें." रायाजी म्हणाले, "मग गड गेला कसा? दिसतं त्यो भरम, ही तर तुमचीच कलमं." गड गेला म्हणावें तर दुसरें कलम बुडतें, आणि तें बुडालें तर महाराजांचा वाघ पुन्हा बकरी होतो! अखेर महाराज म्हणाले, "गड शाबूत आहे. गर्दन मारूं नये." सर्वांस हायसें वाटलें. इतक्यांत महाराजांनीं मिशीवर हात फिरविला आणि म्हणाले, "परंतु गड शाबूत असतां किल्लेदार येथें काय करितो? याच पावलीं गडावर रुजू व्हावें."

हें म्हणजे वाघाचे जबड्यांत पाठविणें होतें, आणि हा वाघ दफ्तरांतला नव्हता. रायाजी गेले. गडाचे दरवाजीं जगदळ्यांनीं पुसिलें, "मरायला आलास काय?" रायाजी म्हणाले, "चाकरीवर आलो. आमच्या दरबाराच्या मतं गड आमचाच हाय." जगदळे हसतां हसतां जोत्यावर बसले आणि डोळे पुसून म्हणाले, "ऐसा शेजार पुण्याईनेंच मिळतो. राहा. किल्लेदारी तुझीच, निशाण आमचें." मग जगदळ्यांनीं आपल्या दाण्याचीं कोठारें उघडलीं, गडावरच राहिलेल्या म्हाकूबाईनें भाकऱ्या थापिल्या, आणि पोरांस जेवतां पाहून रायाजी ढसढसां रडले.

ऐसें काकणगडाचें वर्तमान. गड दोन्ही दौलतींचे दफ्तरीं आपापला आहे. रायाजी इमानी माणूस, दर दसऱ्यास जुने दरबारीं साफ लिहितात कीं, गडावर निशाण परकें आहे. शास्त्रीबोवा वाचून 'किल्लेदाराची दृष्टि मंद जाहली' ऐसा शेरा मारितात, महाराज हळहळतात, आणि वैद्याकडून गडावर डोळ्यांचें अंजन रवाना होतें.