उताऱ्यावरची सही

एका जंगलात, मुलांनो, रोग्यांपेक्षा पाट्या जास्त असलेलं एक इस्पितळ होतं. तिथे साळुंकी नावाची नर्स होती. वीस वर्षं ती शिरा शोधत आली होती. रोग्याने तोंड उघडायच्या आधीच तिला त्याचा चेहरा वाचता यायचा. असा दुर्गुण सरकारी नोकरीत नडतोच.

एके सकाळी भेकरबाईंना सलाईन लावलं होतं. त्यातलं औषध जहाल. शिरेतून गेलं तर जीव वाचवणारं, शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळणारं.

"सिस्टर, पाय जळतोय हो," भेकरबाई हळूच म्हणाल्या. तक्रार करायची त्यांना सवय नव्हती.

साळुंकीने पाहिलं. सुईभोवती सूज होती, कातडी पांढरी पडून गार झाली होती. तिने सलाईन बंद केलं. सुई तशीच ठेवून रिकाम्या सिरिंजने सांडलेलं औषध निघेल तितकं ओढून घेतलं. सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारली, पाय उशीवर उंच ठेवला. आणि उताऱ्याचं इंजेक्शन आणायला धावली.

उतारा कपाटात होता. कपाट उघडायला सही लागायची. सही गेंडेसाहेबांची.

गेंडेसाहेब म्हणजे मोठे डॉक्टर. त्या दिवशी वाघमहाराज पाहणीला येणार होते, म्हणून साहेब हारांतली फुलं तपासत होते.

"सर, भेकरबाईंचं औषध शिरेबाहेर गेलंय. उताऱ्यासाठी सही हवी. उशीर झाला तर पाय जाईल."

"सही केली तर औषध बाहेर गेलं असं लेखी होईल."

"पण गेलंय ना, सर."

"ते तुमचं मत झालं. सलाईन कोणी बंद केलं?"

"मी."

"महाराजांना बंद सलाईन दाखवायचं? सुरू करा."

"मी नाही करणार, सर."

तेव्हा साहेबांनी तिला आरतीचं ताट घेऊन फाटकापाशी उभं केलं, आणि त्याच सुईतून सलाईन स्वतः सुरू केलं. बऱ्याच वर्षांनी त्यांचा हात रोग्याला लागला. सुजेवर त्यांनी नवी शाल पांघरली.

महाराज आले. "कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

भेकरबाईंनी दात आवळले. वाघाने विचारल्यावर भेकराने काय सांगायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांना ठाऊक होतं.

"बरं वाटतंय," त्या म्हणाल्या.

महाराजांची पाठ वळताच साळुंकी धावत आली. तिने सलाईन पुन्हा बंद केलं, शाल काढली. सूज रेघ ओलांडून वीतभर पुढे गेली होती.

उताऱ्यावर सही काही झाली नाही, आणि चार दिवसांत कातडी काळी पडली. पाय राहिला, पळणं गेलं. वाघाच्या जंगलात भेकराचं पळणं गेलं म्हणजे काय, ते तुम्हाला कळतंच.

चौकशी झाली. अध्यक्ष गेंडेसाहेबच. निष्कर्ष निघाला की रोग्याचं मांस शिरेच्या फार जवळ होतं. शिवाय नर्सने रेघ मारलीच नसती, तर सूज रेघेबाहेर गेली नसती. साळुंकीची बदली चादरी धुण्याच्या खात्यात झाली.

जाण्याआधी ती भेकरबाईंना भेटली.

"सिस्टर, मी महाराजांसमोर बोलायला हवं होतं का?" त्यांनी विचारलं.

साळुंकीने त्यांचा पाय उशीवर नीट ठेवला आणि खाली मान घालून ती निघाली.

तात्पर्य : दुखलं की वेळीच सांगावं, असं पुस्तकांत छापतात. तुम्ही तसलं काही करू नका. आधी साहेबांना दुखतंय का ते विचारून घ्यावं. त्यांना दुखत नसेल, तर तुम्हालाही दुखत नाही.