दामोदरभाऊंची सभा

मोहल्ल्याच्या सभेत कोणी भाषणाला उभं राहिलं, की पहिल्या रांगेतून दामोदरभाऊ विचारत, "तुमचं यात काय दुखते?"

बस्स, एवढंच. पण एवढ्यावर त्यांनी भलेभले खाली बसवले. एकदा नळाच्या प्रश्नावर एक प्राध्यापक शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास सांगायला लागले, तर भाऊ उठून म्हणाले, "सर, तुमच्या घरी विहीर आहे. तुम्ही बसा. शांताबाईले बोलू द्या, ते पहाटे चारले लाइनीत लागते."

शांताबाई बिचारी पदराचं टोक चावत उभी राहिली. "पाणी येत नाही," एवढं म्हणाली नि मटकन बसली. पण समोर बसलेल्या नगरसेवकांनी ते लिहून घेतलं! प्राध्यापकांचं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेला हा माणूस. सभा सहाला असली, की चारपासून मोहल्ल्यात त्यांचा धुमाकूळ. "काहून बसला गा? नाली तुह्याच दारात तुंबली ना? चाल!" कणकेच्या हातांनी बाया यायच्या, अर्धी दाढी झालेले बाप्ये यायचे. मला, शाळामास्तरणीला, मात्र बोलायची बंदी. "बाई, तुमाले बोलता येते. म्हणूनच तुम्ही चूप राहा." असा राग यायचा मला! पंधरा वर्षं पोरांना वक्तृत्व शिकवलं, आणि आपल्याच चौकात सतरंजीवर तोंड शिवून बसायचं, म्हणजे काय बाप्पा!

मग एका उन्हाळ्यात खबर आली, की आमच्या चौकातला दवाखाना महापालिका दोन मैल लांब हलवणार. भाऊंच्या पायाला भिंगरी लागली. जेवणाचा ठिकाणा नाही, एका जागी बसणं नाही. माझ्याकडेच तीनदा आले. "बाई, आता कोणाले उभं करू? गंगूचं पोरगं बरं झालं. रघू तर खासगी डॉक्टरकडे जाऊन राहिला."

मला वाटायचं, ओरडून सांगावं, अहो, तुमच्याच घरात आहे! त्यांची बायको, आमच्या कमलाकाकू, चार वर्षं लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या. दवाखान्यातली नर्सबाई रोज येऊन त्यांना बघून जायची, हे साऱ्या मोहल्ल्याला माहीत होतं. भाऊंनी मात्र कधी चकार शब्द काढला नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती.

सभा भरली. नगरसेवक सारखे घड्याळ बघत होते. बोलायला कोणी उठेना. शेवटी माझी जीभ सुटलीच. "भाऊ, तुम्ही उठा ना! जन्मभर दुसऱ्यांना विचारलं, आता तुमचं काय दुखते ते सांगा!"

लोक हसले. मीही हसले मेली. भाऊ उठले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"माही बायको लकव्यानं पडून आहे," ते म्हणाले. "औषधाचं जाऊ द्या, औषध मी आणीन दोन मैलांवरून. पण नर्सबाई येते, तेव्हा ते हासते. दिवसभरात तेवढंच. मले तिले हासवता येत नाही जी. मी जवळ बसतो, पण काय बोलावं तेच सुचत नाही."

एवढं बोलून ते खाली बसले. नगरसेवकांनी लिहून घेतलं. पुढे दवाखाना चौकातच राहिला, पण त्या संध्याकाळी मला फक्त माझी लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. मला बघताच भाऊ चहा टाकायच्या निमित्ताने आत पळाले. काकूंनी चांगल्या हाताने माझं मनगट धरून मला जवळ ओढलं.

"काल सभेत हे काय बोलले वं?" जड जिभेने त्यांनी विचारलं. "नर्सबाई म्हणे, माह्याबद्दल बोलले. घरी तर काहीच सांगत नाही."

मी शब्दन् शब्द सांगितला. काकूंचे डोळे माझ्या तोंडावरून हलले नाहीत.

"एवढ्या लोकांसमोर?"

"हो काकू."

स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज थांबला होता. काकूंनी तिकडे एकदा मान वळवली, आणि माझं मनगट आणखी घट्ट धरलं.

"पुन्हा सांग वं," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं सांग. त्यायलेही ऐकू येऊ दे."