शेवळं, मशीन आणि माझा पदर

"सर, बायका मनातलं सांगतच नाहीत हो! असंच चाललं तर माझी पीएचडी बुडाली!"

कुडाच्या पलीकडे दीपिका फोनवर कुरकुरत होती. लातूरची पोर, इथे शेणवे गावात आमच्याकडे भाड्याने राहते. मोबाइलमधल्या बोलक्या मशीनला बायांनी काहीबाही विचारायचं आणि मशीनचं उत्तर पटलं का, ते हिने वहीत लिहायचं. 'माणसाला सांभाळून घेणारं यंत्र' असा तिचा विषय. मी म्हटलं, मग माणसानेही यंत्राला थोडं सांभाळून घ्यायला नको? पाहुण्या पोरीची पीएचडी बुडते म्हणजे काय! तीही मी असताना?

दुसऱ्याच दिवशी बोरिंगवर सगळ्यांना दम भरला, "मशीनला नावं ठेवायची नाय. काय पण सांगू दे, 'झकास' म्हणायचं!"

झालं! मशीन म्हणाली, नाचणी कंबरभर पाण्यात लावा. रंजिता म्हणाली, "झकास!" मशीन म्हणाली, कोंबडी खुडूक बसली तर डॉक्टरला दाखवा. गोदू म्हणाली, "कदी नेऊ?" पंधरा दिवसांत मशीनला शंभरात शंभर! दीपिकाचं तोंड मात्र सुक्या बोंबलासारखं. मला वाटलं, अभ्यासाचा ताण. मी तिची एक भाकरी वाढवली.

मग तिचे सरच बघायला यायचे ठरले. "मावशी, मशीन सांगेल तस्संच जेवण करायचं हं!" पावसाळ्याचे दिवस, रानात शेवळांची भाजी उगवलेली. मशीनने सांगितलं, शेवळं धुवा, चिरा, तेलात परता, वाढा.

आता शेवळांत काकडांची आंबट रानफळं टाकली नाहीत तर घसा खाजून जीव जातो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक! पण मशीन चुकली म्हणायचं कोणी? मी मुरबाडच्या बाजारातून काकडं आणून पदराला बांधली. गुपचूप टाकू! तर दीपिका मोबाइलचा कॅमेरा रोखून चुलीशी बसली, ती माशापुढे मांजर बसावं तशी. हलेचना!

पंगत बसली. सरांनी घास घेतला. डोळे पाण्याने भरले. "वा... वेगळीच... चव!"

"झकास!" रंजिता खाकरली.

"झकास!" गोदूने गळा खाजवला.

म्हाताऱ्या सकुबाईने मात्र ताट सरकवलं. "गो पोरी, तुजी मशीन साफ चुकलीय! काकडांबिगर शेवळं? घसा सोलून निघाला माजा!"

दीपिका ताडकन उठली. आता रडणार, म्हणून मी पदर सावरला, तर तिने सकुबाईला मिठीच मारली! "आजी! मशीन चुकली तर माणसं तिला अडवतात का, हेच तर बघायचं होतं मला! इतके दिवस कुणी बोललंच नाही!"

"बोलतील कशा?" सकुबाईने माझ्याकडे बोट केलं. "हिनंच तोंडं बांधलीत सगल्यांची!"

मी ताक आणते म्हणून घाईने उठले. पदराची गाठ सुटली आणि काकडं घरंगळत थेट सरांच्या ताटापाशी जाऊन थांबली.